परसदारची ओल

प्रत्येक घरात एखादा कोपरा असा असतो की पाहुणे आले म्हणजे घरातली माणसे त्यांना तिकडे जाऊ देत नाहीत. कुणाकडे तो माळ्यावर असतो, कुणाकडे जिन्याखाली. शाहूपुरीतल्या आमच्या घरी तो परसदारी आहे. मागच्या दारातून उतरले की डाव्या हाताला, न्हाणीघराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत पसरलेली, फार तर पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी जागा. तिथली जमीन बाराही महिने ओली असते. चैत्रात सगळ्या गल्लीत धूळ उडत असताना आमच्या त्या कोपऱ्यात चप्पल रुतते.

या सदरात वर्षभर मी वाचकांना गुलाबाची छाटणी आणि मोगऱ्याचे आळे सांगत आलो. घरच्या या कोपऱ्याविषयी मात्र आजवर एक अक्षर लिहिले नाही. बागकामावर चार शब्द लिहिणाऱ्याच्या परसात चिखल असावा हे काही भूषणावह नाही. पण दिवाळीचा अंक म्हणजे घरातली जळमटे काढण्याचा दिवस. तेव्हा या खेपेस त्या चिखलाचीच हकीकत सांगतो.

शाहूपुरी ही काही कोल्हापूरची जुनी पेठ नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. आमचे वडील इथल्याच एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, आणि त्यांनी पै-पै साठवून हे घर बांधले. घरापासून जयंती नाला लांब नाही. पंचगंगा फुगली की नाल्याचे पाणी नदीत शिरेनासे होते आणि उलटे मागे सरकते. बाहेर पूर नसला तरी जमिनीखालचे पाणी आमच्या कोपऱ्यात वर डोकावत असतेच. आई त्याला ‘गंगामाईचा उंबरा’ म्हणायची. आमचे चिरंजीव त्याला ‘डासांचं माहेरघर’ म्हणतात.

२०१९ च्या जून महिन्यात मी आणि सौ. आमच्या मुलीकडे तोक्योला गेलो होतो. ती तिथे नोकरीला आहे. एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला देवळं दाखवून झाली, आता तुमच्या कामाची जागा दाखवते.” आगगाडीने आम्ही शहराच्या पूर्वेकडच्या होरिकिरी नावाच्या भागात गेलो. घरांच्या दाटीत एक छोटीशी बाग. आत पाऊल टाकले आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. भाताच्या खाचरांसारखे वाफे, मधून मातीचे बांध, आणि त्या वाफ्यांत घोट्याएवढ्या पाण्यात उभी असलेली हजारो फुले. जांभळी, निळी, पांढरी, गुलाबीसर, काहींवर शिरांची नक्षी. फूल तळहाताहून मोठे, पाकळ्या धुतलेल्या रेशमासारख्या खाली लोंबणाऱ्या. वरून पाऊस भुरभुरत होता. माणसे छत्र्या घेऊन एका ओळीत बांधावरून चालत होती, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

हे जपानी आयरिस. तिकडे त्याला ‘हानाशोबु’ म्हणतात. आपल्याकडे आयरिसला रूढ नाव नाही, पण त्याचे भाऊबंद आपल्या ओळखीचे आहेत. लग्नातल्या गुच्छातला ग्लॅडिओलस त्याच कुळातला, आणि दिवाळीच्या श्रीखंडात पडणारे केशरही त्याच कुळातले. होरिकिरीची ती बाग जुनी आहे. हिरोशिगे या चित्रकाराने १८५७ साली आपल्या एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, चित्रमालेत तिचे चित्र काढले होते. पुढे तीन मोठाली फुले आणि मागे चिमुकली माणसे. मुलीने मला त्या चित्राची प्रत घेऊन दिली, ती आता आमच्या बैठकीत आहे.

या फुलाच्या मागे माणसांचे आयुष्य कसे खर्ची पडले, हेही तिथेच कळले. मात्सुदाइरा शोओ नावाचा एक सरदार १७७३ साली जन्मला आणि १८५६ साली वारला. त्यातली सुमारे साठ वर्षे त्याने या एका फुलाच्या नव्या जाती काढण्यात घालवली, आणि आपले अनुभव पुस्तकात लिहून ठेवले. त्याच्याकडून दक्षिणेतल्या कुमामोतोच्या सरदाराने रोपे नेली, ती बाहेर कुणाला द्यायची नाहीत या अटीवर. कुमामोतोच्या मंडळींनी मग ती कुंड्यांत वाढवून दिवाणखान्यात बसून पाहण्याची रीत पाडली. एदोची जात बांधावरून फिरता फिरता पाहायची, कुमामोतोची बैठकीत बसून पाहायची. एकाच फुलाची दोन घराणी, आपल्या गाण्यासारखी.

मी मात्र फुलांपेक्षा वाफ्यांकडेच जास्त पाहत होतो. मनात एकच विचार. चिखलच ना? तो तर आमच्याकडे फुकट आहे!

आम्ही परत आलो आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट धोक्याची. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत तयार होत आलेल्या गणपतींत पाणी शिरले. आमच्या मागच्या दाराच्या तिसऱ्या पायरीवर पाणी थांबले, तेव्हा सौ.ने देवापुढे साखर ठेवली. पूर ओसरल्यावर कोपऱ्यात वीतभर गाळ साचला होता. इतरांना तो गाळ दिसला. मला त्यात होरिकिरी दिसली.

जपानहून गड्डे आणायचे नाहीत असे मुलीने आधीच बजावले होते. परदेशातून रोपे आणायला रोगमुक्ततेचे सरकारी दाखले लागतात, आणि ते योग्यही आहे. म्हणून हिमालयाच्या अंगाच्या एका रोपवाटिकेतून सहा गड्डे मागवले. ते दिवाळीच्या सुमारास आले. आता लागवडीची पद्धत सांगतो. माझा शेवट काय झाला ते वाचूनही थंड मुलखात राहणाऱ्या एखाद्या वाचकाला ती उपयोगी पडेल.

या झाडाला चुनखडीचे वावडे आहे. माती किंचित आंबट हवी. आपल्या काळ्या जमिनीत चुना असतो, विहिरीचे पाणीही बहुधा जड असते. म्हणून वाफ्यात कुजलेला पालापाचोळा भरपूर घालावा, आणि चुलीची राख किंवा हाडांचे खत चुकूनही टाकू नये. ऊन निदान अर्धा दिवस हवे. फुलण्याच्या आधी पाणी कितीही द्या, ते पिते. पण एक गैरसमज काढून टाकला पाहिजे, तो माझाही होता. होरिकिरीच्या चित्रातले पाणी हे फुलांच्या दिवसांतला थाट आहे. बहर संपला की वाफ्यातले पाणी काढून टाकतात. गड्ड्याचा माथा हिवाळाभर पाण्यात राहिला तर तो कुजतो. या झाडाला ओल प्रिय आहे, पण बुडून राहणे नाही. शिवाय ते खादाड आहे. नव्या मुळ्या जुन्या मुळ्यांच्या वर फुटतात, त्यामुळे झाड जमिनीतून हळूहळू वर उचलले जाते. तीन-चार वर्षांनी, बहर सरल्यावर लगेच ते उपटून, फोडून, दुसऱ्या जागी लावायचे. त्याच जागी पुन्हा लावले तर रुसते.

मी हे सगळे केले. गाळ उपसून वाफा उंच केला, कडेने चर काढला, नदीपलीकडच्या एका ओळखीच्या माळ्याकडून पोतीभर पानकूज आणली. सहापैकी पाच गड्ड्यांना पाने फुटली. तलवारीसारखी सरळ पाने, मधोमध उठावदार शीर. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभा राहू लागलो. २०२० चा जून आला, सगळे जग दारे लावून घरात बसले होते, आणि मी फुलाची वाट पाहत परसात. फूल आले नाही. म्हटले, नवी सून आहे, रुळायला वर्ष लागणारच. २०२१ चा जून आला. पाने आदल्या वर्षीपेक्षा बारीक झाली होती. फूल नाहीच.

कारण कठीण नव्हते, मीच ते पाहायला तयार नव्हतो. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते. पाने वाळून जातात, गड्डा थंडीत महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि त्या झोपेतून उठल्यावर त्याला फुलण्याची ताकद येते. कोल्हापूरच्या थंडीत आपण स्वेटर घालतो खरे, पण ती थंडी पहाटेची. दुपारी बारा वाजता ऊन चटकतेच. माझी बिचारी रोपे दोन वर्षे जागरण करीत होती. पाणी, माती, खत मी देऊ शकत होतो. थंडी कुठून आणणार?

त्याच जुलैत, २०२१ साली, पंचगंगा पुन्हा चढली, या वेळी ५६ फुटांवर. वाफा चार दिवस पाण्याखाली राहिला. पाणी उतरल्यावर गाळात हात घालून गड्डे चाचपले, ते पिकल्या केळ्यासारखे बोटांना लागले.

त्या संध्याकाळी चिरंजीवांनी विषय काढला. तो रागावून बोलला असता तर बरे झाले असते, भांडता आले असते. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, आता पुरे. छोटी चालायला लागली आहे. परवा ती तिथे घसरून पडली. सगळ्याला कोबा करून टाकू.” ओळखीचा गवंडीही येऊन माप घेऊन गेला. “काका, येकदा कोबा मारला की चिंता मिटली बघा. पाइपनं धुतलं की लख्ख!” सौ. काही बोलली नाही. नातीच्या गुडघ्याला लागलेले मीही पाहिले होते. मी ‘बरं’ म्हणालो. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात काम धरायचे ठरले. मनातून मला वाटत होते की जमीन हरली नाही, मी हरलो. आणि शिक्षा मात्र जमिनीला होते आहे.

५ मे २०२२ ची संध्याकाळ. दुसऱ्या आठवड्यात सिमेंटची पोती येणार होती. सहाच्या सुमारास मुलीचा फोन आला, तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आवाज काहीसा वेगळा. मी घाबरून विचारले, “काय गं, बरी आहेस ना?”

“बरी आहे हो बाबा. आज इथे मुलांचा सण असतो. सार्वजनिक न्हाणीघरात गेले होते मैत्रिणीबरोबर. आजच्या दिवशी गरम पाण्यात लांब लांब पानांच्या जुड्या सोडतात. अंगाला लागलं तर रोगराई जाते म्हणे. मी पाण्यात उतरले आणि बाबा, काय सांगू... आजीच्या बटव्याचा वास! अगदी तोच. मला रडूच आलं. त्या बायकांना वाटलं पाणी फार गरम लागलं.”

“कसली पानं होती?”

“शोबु म्हणतात. तुमच्या त्या फुलाच्या नावात आहे ना, हानाशोबु, त्यातलं शोबु. हाना म्हणजे फूल. शोबुसारखी पानं आणि वर सुंदर फूल, म्हणून त्याला हानाशोबु म्हणाले.”

मी फोन तसाच कानाला धरून मागच्या दाराने बाहेर आलो. न्हाणीच्या मोरीपाशी, अगदी भिंतीला लागून, तलवारीच्या पात्यांसारख्या पानांचे एक बेट आहे. माझ्या आईने लावलेले. दोन्ही पुरांत ते बुडाले होते, आणि पाणी उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हिरवेगार झाले होते. आयरिसच्या वाफ्यावर सावली पडते म्हणून मी त्याची पाने दोनदा कापलीसुद्धा होती. एक पान तोडले, चुरडले, नाकाशी धरले. फोनमध्ये म्हणालो, “बाळ, हे वेखंड.”

वाचकहो, जपान्यांचे शोबु म्हणजे आपले वेखंड, संस्कृतातली वचा. तीन वर्षे मी ज्या फुलासाठी झुरलो, त्याचे नावच मुळी आमच्या मोरीकाठच्या झाडावरून पडलेले होते. नात्याने दोघे परके. आयरिसचे कूळ निराळे. वेखंडाला पूर्वी अळूच्या कुळात धरत, आता त्याचे स्वतंत्र कूळ मानतात. पण पाने अशी सारखी की लांबून फसावे. वेखंडाच्या पानातली शीर मात्र बरोबर मध्ये नसते, किंचित बाजूला असते. फुलाला रूप नाही. पानाच्या बगलेतून फुटल्यासारखे बोटाएवढे हिरवट कणीस असते, ते चाळीस वर्षांत मीही क्वचितच पाहिले. याचे सारे ऐश्वर्य गड्ड्यात आणि वासात आहे.

त्या रात्री मला आईचा बटवा आठवला तसे वडिलांचे कपाटही आठवले. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्यांची पूजा झाली की वडील जुन्या चोपड्या फडक्यात बांधत आणि प्रत्येक गाठोड्यात वेखंडाची दोन कांडे टाकत. कसर लागू नये म्हणून. धान्याच्या कणगीतही कांडे असे. तान्ह्या बाळाच्या अंगाला आई वेखंडाची पूड लावी, आणि बाळगुटीत सहाणेवर त्याचे एक-दोन वेढे उगाळी. इथे मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. वेखंडात बीटा-ॲसारोन नावाचे एक द्रव्य असते आणि ते पोटात जाणे चांगले नाही असे आढळले आहे. अमेरिकेत १९६८ साली खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालण्यास बंदी झाली. तेव्हा आजीबाईंनी रागावू नये, पण बाळाला ते चाटवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आमच्या नातीला आम्ही चाटवले नाही. वासाला आणि अंगाला लावायला मात्र ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि वर्षातून एकदा तर आपण सगळेच ते अंगाला लावतो. दिवाळीच्या उटण्यात!

उटण्याची पुडी उघडून पाहा. वाळा, नागरमोथा, वेखंड, कचोरा, आंबेहळद. यातला वाळा पाणथळीचा, नागरमोथा ओलसर जमिनीतला, वेखंड तर चिखलातलेच. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण ज्या वासाने जागे होतो, त्यातला बराचसा वास ओल्या जमिनीने दिलेला आहे. तिकडे मे महिन्यात जपानी माणूस शोबुच्या पाण्यात उतरतो, इकडे आश्विनात आपण उटणे लावून न्हातो. दोन देशांतले दोन सण, आणि दोन्ही न्हाणीघरांत एकच झाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिरंजीवांच्या हातात वेखंडाचे चुरडलेले पान दिले. त्याने वास घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आजी.” मी एवढेच म्हणालो, “कोबा कर, पण सगळा करू नको.”

मग आम्ही दोघे प्रथमच त्या कोपऱ्याकडे एकत्र पाहायला बसलो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. डास होतात, पण ते साचलेल्या उघड्या पाण्यात. ओलसर मातीत अंडी घालून त्यांचे भागत नाही. म्हणजे खड्डे बुजवायला हवे होते, जमीन बुजवायला नको होती. दारापासून दोरीपर्यंत तीन फुटांची फरसबंदी केली, म्हणजे नात घसरणार नाही आणि सौ.ला कपडे वाळत घालता येतील. मोरीचे पाणी झाकलेल्या गटारात सोडले. उरलेली जमीन मोकळी ठेवली. पावसाचे पाणी तिथे मुरते. कोबा केला असता तर तेच पाणी शेजाऱ्यांच्या दारात आणि तिथून नाल्यात गेले असते. माझ्या दीडशे फुटांनी पंचगंगेचा पूर थांबणार नाही हे मला कळते. पण गल्लीतल्या प्रत्येकाने आपली ओल दुसऱ्याच्या दारात ढकलायची म्हटले तर शेवटचे घर कुणाचे?

ज्यांच्या परसात अशी जागा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मृगाच्या सुमारास वेखंडाच्या गड्ड्याचे डोळा असलेले बोटभर तुकडे करावेत, दोन इंच खोल, फूटभर अंतरावर आडवे लावावेत. उन्हात किंवा अर्ध्या सावलीत कुठेही चालते. माती वाळू द्यायची नाही, एवढी एकच अट. कर्नाटकात तुमकुरूच्या भागात याची भातासारखी शेती होते. वर्षभराने पाने पिवळी पडू लागली की गड्डे काढून, मुळ्या साफ करून सावलीत वाळवावेत, आणि काही पुन्हा लावावेत. पाठीमागे सोनटक्का लावावा. पावसाळ्याच्या संध्याकाळी त्याच्या पांढऱ्या फुलांचा वास अंगणभर फिरतो. कडेला कर्दळ, अळवाच्या वड्यांसाठी एक आळे, आणि जागा असेल तर एक केळ. यांतले एकही झाड परमुलखातून मागवावे लागत नाही. शेजारी मागितले तर मिळते, आणि शेजाऱ्याला द्यायलाही पुरते.

जपानी आयरिसचा मला राग नाही. ते माझ्या बैठकीत हिरोशिगेच्या चित्रात फुललेले आहे, आणि पाय चालत असले तर पुन्हा एकदा जूनमध्ये त्याला भेटायला त्याच्याच गावी जाईन.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला सौ.ने घरच्या वेखंडाचे कांडे कुटून उटण्यात घातले. मुलीला टपालाने पाठवता येईना, म्हणून फोनवर नुसते दाखवले. पहाटे पाचला नातीला पाटावर बसवले, तेल लावले, उटणे लावले. तिने नाक मुरडले आणि विचारले, “आजोबा, हा कसला वास?”

“तुझ्या पणजीचा,” मी म्हणालो.

तिला ते कळले नाही. तिने पायाखाली कारीट फोडले आणि ती हसली. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी, कुठल्या तरी दूर देशीच्या न्हाणीघरात, तिला ते कळेल. वाचकांना आणि त्यांच्या परसदारच्या प्रत्येक ओल्या कोपऱ्याला दिवाळीच्या शुभेच्छा.